लाल फुलीचे मशीन आईकडून ताब्यात घेणेबाबत

प्रति,
मा. सहायक आयुक्त (औषधे) साहेब,
अन्न व औषध प्रशासन, ठाणे.

विषय : कंपनीने परत मागविलेले साखर तपासण्याचे मशीन अर्जदाराच्या आईकडून सोडवून मिळणेबाबत.
संदर्भ : दुकानदारामार्फत आलेले कंपनीचे पत्र.

महोदय,

अर्जदार धम्मदीप किसन ओव्हाळ, राहणार कात्रप, मोरिवलीच्या एका कारखान्यात माल तपासणी खात्यात नोकरीस असून सविनय कळवितो की, त्याची आई चांगुणाबाई हिला मधुमेह आहे. तिला घेऊन दिलेले मशीन साखर आहे त्याहून बरीच कमी दाखवते, म्हणून त्या लॉटची सर्व मशीने कंपनीने परत मागविली आहेत. वापर तात्काळ थांबवा, मशीनच्या पाठीवरचा लॉट नंबर ताडून पाहा, जुने दुकानात जमा करून नवे फुकट न्या, असे पत्रात स्पष्ट आहे. आमचा नंबर तंतोतंत जुळला.

२. आई मशीन देत नाही. तिचे म्हणणे, "घरात माझ्या बाजूने बोलणारं हे एकच निघालं, तेपण परत मागतात." कपाटाची चावी तिच्या कमरेला असते.

३. कारखान्यात नापास माल कोणी चुकून वापरू नये म्हणून त्यावर लाल फुली मारतात. अर्जदाराने एकदा संधी साधून, मशीन पळवायचा धीर न झाल्याने, सवयीने तशीच फुली त्यावर मारली आणि तिथेच माशी शिंकली. धम्माने कारखान्यात तपासून खूण करून आणले, असे आईने बिल्डिंगभर सांगितले. आता दुपारी बायका 'लालवाली मशीन' विचारत येतात. सगळ्यांची साखर झकास निघते. बुद्धपौर्णिमेला विहारात खिरीचे पातेले या मशीनच्या भरवशावर पुन्हा चढले. उल्हासनगरची वेणूमावशी तर आधी मिठाई खाते, मग तपासायला येते.

४. लॅबमध्ये आईची साखर भरमसाट निघाली. त्यावर, लॅबचे मशीन परत मागवायला सांगा, असा आईकडून उलट सल्ला मिळाला.

५. इथवर हसण्यावारी नेले असते. परंतु आईने डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या आहेत. पायाला खिळा लागून झालेली जखम भरायचे नाव घेत नाही, अंगठा काळा पडत चालला आहे, आणि दवाखान्याचे नाव काढले की ती मशीन पुढे करते. अर्जदाराला भीती वाटते, साहेब. कंपनी मशीनच्या बदल्यात मशीन देते, आईच्या बदल्यात कोणी आई देत नाही.

६. आई मुलाचे ऐकत नसली तरी सरकारी माणसाचा शब्द मोडत नाही. तरी आपण अथवा आपल्या निरीक्षकांनी जातीने येऊन, रीतसर पंचनामा करून मशीन ताब्यात घ्यावे व जाताना "गोळ्या सुरू करा" एवढे जरा दरडावून सांगावे. हे आपल्या कामात बसत नसल्यास माणुसकीत बसवावे, ही विनंती.

आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
धम्मदीप किसन ओव्हाळ
कात्रप, बदलापूर (पूर्व)
दिनांक : १९ जून २००६

सोबत : कंपनीचे पत्र व लॅबचा रिपोर्ट यांची झेरॉक्स.

ता.क. अर्ज आईला वाचून दाखवला. ती म्हणते, साहेबांना कशाला त्रास, मीच मशीन घेऊन ठाण्याला जाते नि त्यांचीपण साखर बघून देते. साहेब, आपणच लवकर यावे. तिला पायात चप्पल घालवत नाही.