तिठ्यावरचा नारळ

प्रिय आत्ये,

उद्या रत्नागिरीच्या कोर्टात माझी साक्ष आहे. वकील म्हणाले, "मोठ्यानं बोला हं, तुमचा आवाज बाहेरच येत नाही." तूही हेच म्हणायचीस. म्हणून आधी तुझ्याशी बोलून बघतो.

माझ्या लेकीचा, चिऊचा, ताप हटेना, तेव्हा बाबांनी तिच्यावरून नारळ ओवाळून तिठ्यावर ठेवला. असला उतारा कुणी ओलांडतही नाही. तू मात्र नेहमी उचलून आणायचीस! "नारळाला काय ठाऊक, मेल्या, तो कुणाचा उतारा?" असं म्हणून फोडायचीस. गावभरची पीडा तुझ्या कालवणात शिजली असेल, आणि मी मिटक्या मारत जेवलो.

या वेळी त्याच्या वड्या केल्यास आणि चिऊलाच आणून दिल्यास. केवढी हसली ती! दुसऱ्या दिवशी ताप वाढला. तिला दवाखान्यात ठेवलं आणि इकडे बाबा भगताकडे गेले. त्यानं तांदूळ मांडून सांगितलं, उतारा ज्यानं उचलला त्यानंच करणी केलीय. आधी दात पाडा, म्हणजे मंत्र चालणार नाही.

मी चिऊचे कपडे न्यायला घरी आलो, तर अंगणात वाडी जमलेली. तुझे केस बाबांच्या मुठीत.

"नारळ तू उचललास गो?"

"उचलला. चांगला पाणीदार होता."

आत्ये, एकदा 'नाही' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?

बाबांनी जांभ्याचा दगड तुझ्या तोंडावर हाणला. दात अंगणात पडले. मी मध्ये घुसलो, तर कुणाची तरी काठी मनगटावर बसली, हाड मोडलं. दोघांनी मला माडाला दाबून धरलं. मग सगळ्यांचेच हात चालू लागले. फुटलेल्या तोंडानं तू "बाबू, बाबू" करत होतीस. लहानपणी बाबांना कडेवर घेऊन फिरवायचीस ना, तेव्हाचं नाव. कुणी तरी ओरडलं, "मंत्र म्हणतेय! तोंड बंद कर तिचं!" आणि बाबांनी तो दगड पुन्हा उचलला. तुझा आवाज थांबल्यावरही ते मारतच होते.

चिऊला डेंग्यू होता. बरी झाली. घरी येताच विचारलं, "आत्येआजीनं वड्या ठेवल्यात ना?"

आई रोज रडते. "पाखाडीच्या पायऱ्यांवरून घसरली म्हणून सांग रे. सगळी वाडी तेच सांगतेय. तुझे बाबा आहेत ते!"

आहेतच. पण तू माझी कोण होतीस, हे तिनं एकदाही विचारलं नाही.

उद्या मी मोठ्यानं बोलेन. आधी बाबांचं नाव घेईन, मग भगताचं, मग अंगणात होते त्या प्रत्येकाचं. तुला विचारलं तेव्हा तू खरं सांगितलंस. मीही सांगेन.

आणि परत येताना तिठ्यावर नारळ दिसला, तर उचलून आणेन. वड्या मला येत नाहीत. पण चिऊसाठी करीन.

तुझा,
विनू