ऑल्मर दहा आणि चिमूटभर कुंकू

पुणे,
८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप नरूकाका यांस,
स्वरदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

गेल्या महिन्यात मी तासभर फोनवर नोकरीचं रडगाणं गायले आणि शेवटी तुम्ही मला सुखाचा संसार कर असा आशीर्वाद दिलात. तेव्हाच ठरवलं, तुम्ही कानाचं यंत्र घेईपर्यंत आपलं बोलणं कागदावर.

सोबतच्या खोक्यात आमच्या ऑल्मर कंपनीचा नवा कॅमेरा आहे, 'ऑल्मर दहा'. अजून बाजारात आलेला नाही. त्याच्या किमतीत बरीशी मोटार येते, पण मोटारीला इतकं सुंदर खोकं मिळत नाही.

झालंय असं, की आमच्या डेन्मार्कच्या साहेबांना अचानक प्रश्न पडला आहे: मोठ्या डिजिटल कंपन्यांपुढे आपण टिकू का? त्या कंपन्या दर सहा महिन्यांनी नवा कॅमेरा काढतात. आम्ही सहा महिने एका बटणाच्या रंगावर चर्चा करतो आणि शेवटी काळाच ठेवतो. प्रत्येक देशातून अहवाल मागवलाय. आमचा ३१ ऑक्टोबरपर्यंत जायचा आहे. टिकू असं ठरलं तर ऑल्मर स्वतःचे कॅमेरे बनवत राहील आणि पुण्याचं आमचं दुरुस्ती केंद्र चालू राहील. नाही ठरलं तर नाव एका बड्या कंपनीला विकतील, तिच्या कॅमेऱ्यावर आमचा बिल्ला चिकटवतील आणि केंद्राला कुलूप. केंद्रात आम्ही चौघं आहोत. मी प्रमुख, म्हणजे शिव्या खाणारी. हिरालालमिस्त्री तीस वर्षं ऑल्मर उघडताहेत आणि दुसरं काही उघडायला त्यांचा हात धजत नाही.

या कॅमेऱ्याबद्दल मोठा दावा असा की आत धूळ शिरत नाही. डेन्मार्कमध्ये धूळ नसल्यामुळे त्यांनी ती विकत आणून तपासलं. मी म्हटलं, आमच्या रायपूरला उरल्याच्या पोलाद कारखान्यांत फुकट मिळते. बेचाळीस वर्षं ऑल्मरच वापरणारा माणूसही तिथेच मिळतो. तेव्हा तीन-चार आठवडे वापरा, दसऱ्यानंतर लगेच परत पाठवा आणि खरं मत कळवा.

काकूला नमस्कार. लोभ आहे तो वाढवावा. कमी झाल्यास वॉरंटीत बसत नाही.

आपली,
स्वरदा


रायपूर,
२४ सप्टेंबर २०२५

चि. स्वरदा हिस,
नरूकाकाचे अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. आत कॅमेरा थोडा आणि बाकी सगळा बारशाचा थाट होता. माहितीपुस्तकाची पहिली सोळा पानं कंपनीच्या थोर इतिहासाची आहेत. फोटो काढायला कुठलं बटण दाबायचं ते सतराव्या पानावर. माणूस तोवर म्हातारा होतो. मी आधीच झालेलो असल्यामुळे अडचण आली नाही.

उरल्याला तीन दिवस गेलो. रोलिंग मिलच्या यंत्रांचे फोटो मीच काढत आलोय, त्यामुळे गेटवर कोणी अडवत नाही. तुझा मोटारीच्या भावाचा कॅमेरा भट्टीपासून वीस पावलांवर तासभर उघड्यावर ठेवला. मी काळा झालो, कॅमेरा वरून काळा झाला. घरी पुसून पाहिला तर आत कणभर नाही. तेव्हा धुळीच्या परीक्षेत तुझी कंपनी पास. माझ्या छातीचं कोणी विचारत नाही.

आता दुसरी परीक्षा. पुरानी बस्तीत माझ्या स्टुडिओसमोर आशय नावाच्या पोट्ट्याने दुकान थाटलंय. त्याच्याकडे तुझ्या शत्रुपक्षाचा, म्हणजे बड्या कंपनीचा कॅमेरा आहे. पोरगा मराठी घरचा, पण मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत. म्हणाला, काका, ये कैमरा आँख खुद पकड़ता है, आदमी की भी और गाय की भी. मी म्हटलं, गाय मलाही ओळखता येते. त्याला मुद्दाम मिलमध्ये घेऊन गेलो. भट्टीवरच्या एका कामगाराचा फोटो आम्ही दोघांनी काढला. आशयच्या फोटोत तो माणूस क्षणात दुधासारखा गोरा झाला आणि कपाळावरचा भाजल्याचा डाग गेला. माझ्या फोटोत होता तसाच राहिला. कामगाराने अर्थातच गोरा फोटो पसंत केला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको भीमाबाई त्याला घेऊन स्टुडिओत आली. गोरा फोटो काउंटरवर ठेवला आणि म्हणाली की याच्याशी तिचं लग्न झालेलं नाही. मी काढलेला फोटो घेऊन गेली. तेव्हा तुझ्या साहेबांना खुशाल कळव: बायकांना आपापलेच नवरे हवे असतील तोवर ऑल्मर टिकेल. त्यापुढचं सांगता येत नाही.

काकू मजेत. नवरात्राचे उपास करते आहे, म्हणजे दिवसभर साबुदाणा खाते आहे. पत्र लिहीत जा, नाहीतर मला टपालवाल्याशी गप्पा माराव्या लागतात.

तुझा,
नरूकाका


पुणे,
९ ऑक्टोबर २०२५

ती. नरूकाका यांस,
सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मी केंद्रात मोठ्याने वाचून दाखवलं. भीमाबाईंना आमच्या विक्री विभागात घ्यावं असा ठराव एकमताने झाला.

पण काका, कॅमेरा परत आला तो बिघडून. वरची, शटरच्या वेगाची चकती फिरतच नाही. हिरालालमिस्त्रींनी उघडला, तर चकतीखाली दातांमध्ये लाल भुकटी बसलेली. फोटो डेन्मार्कला गेले. तिथल्या तीन इंजिनियरांनी दोन दिवस खपून निष्कर्ष काढला, की ही रायपूरच्या पोलाद कारखान्यांतली लोखंडाची धूळ आहे. मिस्त्रींनी नुसता वास घेतला आणि चहा प्यायला निघून गेले.

धूळ शिरली असं ठरलं तर दावाच खोटा पडतो, आणि साहेबांना बिल्ला विकायला आयतं कारण मिळतं. मला रात्री झोप लागत नाही. काय झालं ते खरं कळवा, लवकर कळवा.

आपली काळजीतली,
स्वरदा


रायपूर,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. स्वरदास आशीर्वाद.

तुझ्या तीन इंजिनियरांना माझा नमस्कार सांग. उरल्याची धूळ काळी असते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मिस्त्रींना मात्र साष्टांग नमस्कार. त्यांनी वास घेतला तेव्हाच त्यांना कळलं असणार.

अगं, ते कुंकू आहे.

खंडेनवमीला आपल्या घरी हत्यारांची पूजा असते, तुला माहीत आहे. सुरी, कात्री, तिपाई, माझा जुना ऑल्मर, सगळी पाटावर बसतात. तुझा कॅमेरा घरात असताना त्याला कपाटात ठेवायचं म्हणजे पाहुण्याला पंगतीतून उठवण्यासारखं झालं असतं. म्हणून त्यालाही बसवला, लेन्स लावलेली, टोपण घातलेलं. काकूने सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. तुझ्या पाहुण्याच्या डोक्यावर चकती दिसली, तिथे मानाने चांगली चिमूटभर घातली. संध्याकाळी मी फडक्याने पुसलं आणि कडेचं निघावं म्हणून चकती पाच-सात वेळा गरागरा फिरवली. म्हणजे वाहिलं तिने, दळलं मी.

काकूला सांगितलं तर तिने मलाच विचारलं, "कुंकू चालत नसन त तो आपल्या घरी आला काहून?" याचं उत्तर तुमच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या सोळाही पानांत नाही. पण ती दोन दिवस जेवली नाही नीट. तिला वाटतं, तिच्या हाताने तुझी नोकरी गेली. तेव्हा तिला उद्देशून दोन ओळी लिही.

चूक झाली. वाईट वाटतं, पोरी. थट्टा करतोय म्हणून वाटत नाही असं समजू नकोस.

तुझा,
नरूकाका


पुणे,
१७ ऑक्टोबर २०२५

ती. नरूकाका यांस,
सा. न. वि. वि.

काकूला सांगा की तिच्या हाताने कोणाचं वाईट होत नाही, आणि जेवून घे म्हणावं. वेगळं पत्र तिला टाकलं आहे.

आता जे लिहिते ते लिहायची लाज वाटते. आमचे वरचे साहेब दिवाकर यांना मी सगळं सांगितलं. ते हसले, मग त्यांनी एक छापील फॉर्म काढला. त्यात लिहायचं, की ग्राहकाने लेन्स काढून कॅमेरा उघडा ठेवला आणि त्यामुळे भुकटी आत गेली. त्याला कंपनी 'गैरवापर' म्हणते. दिवाकरसाहेबांचं म्हणणं, लेन्स लावलेली असताना कुंकू शिरलं असं कळवलं तर चकतीची जोडणी कच्ची ठरते आणि खेळ संपतो. लेन्स काढलेली होती म्हटलं तर कॅमेरा निर्दोष, केंद्र वाचतं. एका म्हाताऱ्याच्या सहीने कोणाचं काय बिघडतं, असं ते म्हणाले. म्हातारा माझा काका आहे हे त्यांना माहीत आहे. म्हणून तर मला सांगितलं.

फॉर्म सोबत आहे. मिस्त्रींच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, आणि माझ्या घराचे हप्ते तुम्हाला माहीतच आहेत. सही करा असं म्हणत नाही. फॉर्म पाठवला आहे, म्हणजे म्हटल्यासारखंच आहे.

दिवाळीचा फराळ करा. माझ्यावरचा लोभ या पत्राने उतरला तर दोष माझा.

आपली,
स्वरदा


रायपूर,
२५ ऑक्टोबर २०२५

चि. स्वरदास अनेक आशीर्वाद.

फॉर्म मिळाला. सुंदर छापलाय. मी बेचाळीस वर्षांत ऑल्मर पावसात भिजवला, एकदा तलावात पाडला, लग्नात वऱ्हाड्यांनी त्यावर मठ्ठा सांडला, तेव्हा कोणी गैरवापर म्हटलं नाही. पूजा केली तेव्हा म्हणाले. कळस झाला.

सही करण्याआधी म्हटलं, खात्री करावी. लक्ष्मीपूजनाला आशयला कॅमेऱ्यासकट चौबे कॉलनीत घरी बोलावलं. खरा हेतूही सांगितला. तो म्हणाला, हव काका, लगा दो, लक्ष्मी आएगी तो अच्छा ही है. काकूचा हात आधी उचलेना. मी आग्रह केला तेव्हा तिने तितकंच कुंकू, तसंच चकतीवर वाहिलं आणि मी ती तशीच गरागरा फिरवली. आज चार दिवस झाले. बड्या कंपनीची चकती लोण्यासारखी फिरते आहे. दोन दिवस तर मी रोज समोर जाऊन, गिऱ्हाइकासारखा उभा राहून, फिरवून पाहिली. मग आशयने मला चहा पाजला. हरलेल्याला पाजतात तसा.

तेव्हा तुझ्या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला कळलं आहे. चेहरा आपला कॅमेरा खरा दाखवतो, पण चकती त्यांची चांगली आहे.

हे सगळं पाहून झाल्यावर फॉर्मवर सही केली. सोबत जोडला आहे. मी लेन्स काढून ठेवली होती, मी मूर्ख आहे, कॅमेरा निर्दोष आहे. बेचाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की हा कॅमेरा खोटं बोलत नाही. आता त्याच्या वतीने मी बोललो. तुझे वडील गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. त्यानंतर तू माझ्याकडे हट्टाने काही मागितलंच नाहीस. पहिल्यांदा मागितलंस, तर नाही कसं म्हणू?

काकूला सहीचं सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

चकलीचा डबा वेगळा येतो आहे. त्याला मात्र गैरवापर लागू नाही.

तुझा,
नरूकाका


पुणे,
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप नरूकाका यांस,
स्वरदाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र २९ तारखेला आलं. दोन दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. ३१ला अहवाल पाठवला, पण फॉर्म जोडला नाही.

लिहिलं ते असं: लेन्स लावलेली होती, तरी कुंकू शिरलं. बड्या कंपनीच्या कॅमेऱ्यात शिरलं नाही, तेही रायपूरच्या एका छायाचित्रकाराने तपासलं आहे. नवेपणात आपण त्यांना गाठू शकणार नाही, वेगात तर नाहीच. आपल्याकडे रंग खरे आहेत आणि कॅमेरा उघडून खरं सांगणारी माणसं आहेत. दुसरी गोष्ट गेली तर पहिलीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. भीमाबाईंचा किस्सा जसाच्या तसा घातला. दिवाकरसाहेबांनी वाचून मला विचारलं, तुला नोकरी नको आहे का? मी म्हटलं, हवी आहे. त्यानंतर ते माझ्याशी हवामानापुरतंच बोलतात.

काल उत्तर आलं. कॅमेऱ्याचं बाजारात येणं लांबलं, जोडणी सुधारेपर्यंत. नाव विकायचं की नाही ते उन्हाळ्यात ठरवतील. पुण्याचं केंद्र तोपर्यंत चालू, पण चौघांऐवजी दोघं, मिस्त्री आणि मी, तेही कमी पगारावर. म्हणजे वाचलो असं म्हणता येत नाही, आणि मेलो असंही नाही. हिशेब जुळवायला मी घर भाड्याने देऊन एका खोलीत राहायला जाते आहे. डेन्मार्कच्या तीन इंजिनियरांनी तपासणीसाठी अर्धा किलो कुंकू मागवलं आहे, आणि 'कोणत्या प्रतीचं' असा प्रश्न विचारला आहे. काकूने सांगावं.

काका, तो फॉर्म सोबत परत पाठवते. मी तो फाडायला तीनदा घेतला. तुम्ही आयुष्यात एकदा खोटं लिहिलंत, तेही माझ्यासाठी, आणि खाली तुमची ती वळणदार सही आहे. माझ्याने फाडवत नाही. तुम्हीच फाडा.

मोठ्यांचा आशीर्वाद मागायचा हक्क अजून उरला असेल तर तो मागते.

तुमचीच,
स्वरदा