डायरीतले तीन ते सहा

डुलुथ, ३ एप्रिल २००६

प्रिय व्हर्नाताई,

स. न. वि. वि. विशेष एवढंच, की मी दमलोय.

दोन वर्षांपूर्वी देशभर आमच्यासारखी पुरोगामी गप्पांची रेडिओ स्टेशनं भराभर निघाली, तेव्हा वाटलं होतं, आता आपले दिवस आले. पहिल्या वर्षी श्रोते दुप्पट झाले. आता आकडा घसरत चाललाय. पेट्रोल पंपावर लोक माझा आवाज ओळखतात, खाणीतले जुने कामगार पाठ थोपटतात. पण मोजणारी कंपनी त्यांना विचारतच नाही. ती मोजक्याच घरी डायऱ्या पाठवते. कोणतं स्टेशन किती वाजता ऐकलं, ते आठवडाभर त्यात लिहायचं. आमच्या भागात एका डायरीमागे पाच-सहाशे श्रोते धरतात.

आमचा मॅनेजर कर्ट म्हणतो, वसंतातल्या मोजणीत आकडा वर आला नाही, तर सप्टेंबरपासून इथे दिवसभर फुटबॉलच्या गप्पा. म्हणजे माझा तीन ते सहाचा कार्यक्रम गेला. एकसष्टाव्या वर्षी मला कोण दुसरीकडे माइकसमोर बसवतंय?

तू काही ऐकत नसशील. एल्मरभावोजींनी शेवटपर्यंत आमचं स्टेशन घरात लागू दिलं नाही, आणि ते गेल्यावरही तू त्यांचा शब्द मोडायची नाहीस. असो. श्रोत्यांचा नसला तरी तुझा लोभ असू दे.

तुझा,
लोवेल

ऑल्डर लेक, १८ मे २००६

चि. लोवेलला ताईचे आशीर्वाद.

एप्रिलअखेरीस तुझा घसा बसला होता म्हणे. गरम पाण्यात मध घालून घे आणि सिगारेट सोड. हे मी चाळीस वर्षं सांगतेय.

इकडे सगळं ठीक. बागेत रुबार्बचे कोंब वर आलेत. गेला आठवडाभर दुपारची बागेतच होते. काम फारसं नव्हतं, पण घरात बसवेना. पाद्रीबाई कॉफीच्या वेळी विचारत होत्या, की चेहरा का उतरलाय. मी म्हटलं, वय झालं.

तुझ्या मोजणीचं कळव. देवावर तुझा विश्वास नाही, म्हणून प्रार्थना मीच करतेय.

तुझी,
ताई

डुलुथ, २४ जुलै २००६

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी प्रार्थना थोडी कमी पडली. आकडा आला, आणि आम्ही एखाद-दुसऱ्या डायरीने हुकलो. फुटबॉलवाल्यांचं ठरलं.

कर्टचा विश्वास बसेना, म्हणून तो पार मेरीलँडला कंपनीच्या कचेरीत जाऊन आला. तिथे नावं झाकून डायऱ्या बघू देतात. तुमच्या बाजूची एक डायरी त्याला मिळाली. सत्तरी उलटलेली, एकटी राहणारी बाई. सकाळी चर्चची प्रार्थना, दुपारी हवामान. आणि सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस तीन ते सहा या रकान्यात ठळक अक्षरात ‘रेडिओ बंद’. सहानंतर पुन्हा बातम्या. कर्ट हसत होता, की या बाईचं लोवेलशी नक्की काय वाकडं आहे. मीही हसलो, पण ताई, ते मनाला लागलं. फोनवर शिव्या देणारे परवडले. न ऐकण्यासाठी एवढं घड्याळ लावून बसणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

आता फार लिहवत नाही.

तुझा,
लोवेल

ऑल्डर लेक, २९ जुलै २००६

चि. लोवेल,

आशीर्वाद द्यायला तोंड राहिलं नाही, तरी देते.

ती बाई मीच.

घरातलं कुणी रेडिओत नोकरीला नसावं, एवढाच त्या कंपनीचा नियम होता. मी एकटी राहते, तेव्हा डायरी भरायला माझी हरकत नव्हती. पण सख्ख्या भावाचं नाव रोज लिहायचं, म्हणजे जत्रेत परीक्षक होऊन आपल्याच केकला पहिला नंबर द्यायचा. आणि ऐकून लिहायचं नाही, तर ते खोटं. म्हणून ऐकलंच नाही. पाच दिवस बागेत मनगटावरचं घड्याळ बघत बसले.

एरवी मी तुला रोज ऐकते. एल्मर होता तेव्हा चर्चच्या मागे गाडी लावून ऐकायची. तो गेल्यावर स्वयंपाकघरात. भांडी तशीच पडतात. तुझी निम्मी मतं मला पटत नाहीत, तरी ऐकते. वाटलं होतं, मी प्रामाणिक राहिले. आता वाटतं, मीच तुझा गळा दाबला. रागाव, पण उत्तर पाठव.

तुझी,
व्हर्ना

डुलुथ, ५ ऑगस्ट २००६

प्रिय ताई,

रागावलो. तीन दिवस. तुझं पत्र दोनदा फाडायला घेतलं, हे लपवत नाही. लहानपणी आईच्या बरणीतलं बिस्किट मी खाल्लं, आणि विचारायच्या आत सांगून मोकळी झालीस तू. तीच तू, दुसरी कशी वागणार? कर्टला काही सांगितलं नाही.

शेवटचा कार्यक्रम एक सप्टेंबरला, शुक्रवारी. तीन ते सहा. त्या आठवड्यात आम्हाला कुणी मोजत नाहीये. रेडिओ लाव.

तुझा,
लोवेल