न वाचता केलेली सही

शनिवार, दिवेलागण

सूनबाईनं आज टीव्हीवर जुना काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा लावला आणि मला मराठीत सांगत गेली. त्यातला फौजदार मेलेल्या माणसाच्या हातात स्वतःच पिस्तूल ठेवतो, मग शेजारच्या दुकानदाराला पंच म्हणून बोलावतो. तो मुकाट सही करतो. तिथून माझं मन थाऱ्यावर न्हाई.

मीबी केलीच की सही. पोलिसांनी पंक्चरवाल्या रेवणला चाकूहल्ल्याच्या केसात धरलं त्या दिवशी. पंचनाम्याचा कागद कन्नडात. कन्नड मी फाडफाड बोलतो, पण अक्षर वाचता येत न्हाई. जे शिकलो ते मराठी पेपर वाचून. जमादार म्हणाला, "अप्पा, तुमी गावातले जाणते." झालं, चढलो हरभऱ्याच्या झाडावर. झोकदार सही ठोकली, मराठीत.

रेवणच्या बायकोनं त्या कागदाची नक्कल कवाच आणून दिली होती. आज सिनेमा अर्ध्यावर थांबवून, कन्नड शाळेत शिकलेल्या सुनेकडून वाचून घेतली. पंचांसमक्ष टायरांखाली चाकू सापडला म्हणे. मी तर बाहेर चहा पीत उभा होतो. चाकू कुणी बघितला? आणि खाली माझी ती सही.

सून म्हणाली, "मामा, घाबरायलाव कामून? सांगा की कोर्टात."

"जमादार काय म्हणंल?"

"रेवणअण्णा जेलात काय म्हणायलाय, ते इचारा आधी."

सोमवारी कोर्टात माझी साक्ष हाय. जमादारासमोर ऐनवेळी कच खाईन असं वाटायलंय, खोटं कशाला लिहू? म्हणून उद्या सकाळीच रेवणच्या बायकोला सांगून येतो. तिला एकदा शब्द दिला की मला मागं फिरायला वाट राहणार न्हाई.