गुरुवारची दाढ

७ मार्च, गुरुवार

गेले एकदाची! आईला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे चाललेय. तोंडाला आलं ते बोलून गेले. "कुठली दाढ?" — "डावी. खालची." आता ही दाढ लक्षात ठेवावी लागणार.

संत्र्यांच्या शेडमध्ये पेट्या भरताना महिन्यात तिसऱ्यांदा श्वास अडकला, तेव्हा मुकादमबाईने — देव तिचं भलं करो — हा पत्ता हातात कोंबला. सुनिगाबाई. मनाच्या दुखण्यावर बोलतात. आपल्याच मुलखातल्या, मिचोआकानकडच्या, आपल्याच भाषेत बोलणाऱ्या. इंग्रजीत मला रडताही आलं नसतं. अर्धा तास संत्र्यांबद्दलच बोलले, मग म्हटलं, माझा भाऊ इसाउरो. दोन वर्षांत पहिल्यांदा. तो कालव्यात बुडाला तेव्हापासून आमच्या घरात ते नाव कुणी घेत नाही. त्याची टोपी तेवढी खुंटीवर आहे.

आईला कळलं तर? पोरगा गेला, आता पोरगी वेडी निघाली म्हणेल. चर्चमध्ये मान वर करणार नाही. भीती वाटते ती एवढ्याचीच.

९ मार्च

चायो मावशी आली. आईची धाकटी बहीण, सगळ्या गल्लीची खबर हिच्याकडे. मला बघून म्हणाली, "दात कसले, पोरीला नजर लागलीय." लगेच अंड्याने माझी दृष्ट काढली. डोक्यापासून पायापर्यंत अंडं फिरवलं, पुटपुटली, आणि हाताला आला त्या पेल्यातल्या पाण्यात फोडलं. तो आईच्या कवळीचा पेला. दुपारी आडवी होताना ती काढून ठेवते.

मावशी बलकात डोळे घालून म्हणते, "बघ, दात दिसतायत! हिच्यावर कुणाचा तरी दात आहे."

आई पलंगावरून बोळक्या तोंडाने म्हणाली, "माझेच आहेत ते. दे इकडे."

किती महिन्यांनी हसले मी. पोट दुखेपर्यंत.

१४ मार्च, गुरुवार

परत आले तर शेवयांचं मऊ सूप तयार. चावायला नको म्हणून! आईपण तेच प्यायली. लाज वाटली. तरी दोन वाट्या संपवल्या.

२१ मार्च, गुरुवार

सूप.

२८ मार्च, गुरुवार

सूप. भोपळ्याचं. हा आख्खा आठवडा शेडमध्ये श्वास नीट चालला. देवाचे आभार. मुकादमबाईचे, सुनिगाबाईंचे. भोपळ्याचेसुद्धा.

३१ मार्च, रविवार

चर्चहून मावशी थेट जेवायलाच आली. "चार गुरुवार झाले. जबडाच नवा बसवतायत का गं? दाताच्या डॉक्टरकडून येणाऱ्याचे गाल सुजतात. हिचे डोळे सुजतात." मग आवाज खाली आणून, "पोस्टामागच्या त्या दारात दात नाही बघत, डोकी बघतात. मी पाहिलंय तुला. परक्या बाईपुढे घरचं सांगतेस? घरचं धुणं घरातच धुवावं, पोरी."

मी ताटात मान घातली. आई तव्याकडे तोंड करून टॉर्टिया उलटत होती. वळली नाही. म्हणाली, "चायो, जेव. गार होतंय."

एवढंच. तिने ऐकलं की नाही, कळेना. ओट्यापासून टेबल दोन पावलांवर आहे.

४ एप्रिल, गुरुवार

सुनिगाबाई म्हणाल्या, घरात एकदा त्याचं नाव घेऊन बघा. घेतलं. सूप वाढून घेताना म्हटलं, "इसाउरोला हे सूप आवडायचं नाही."

आईने पळी खाली ठेवली. खोलीत गेली, दार लावून घेतलं.

काय करून बसले मी.

८ एप्रिल

आई बोलत नाही. म्हणजे बोलते — मीठ दे, दिवा घालव. ठरवलं, आता तिकडे जायचं नाही. श्वास घेईन कसाबसा. आई एकच आहे मला.

११ एप्रिल, गुरुवार

सकाळची पाळी करून आले. दीड वाजला, निघायची वेळ झाली, तरी भांडी घासत होते, घासलेलीच परत. आई मागे येऊन उभी राहिली.

"आज दाढ नाही?"

"बरी झाली."

"इतक्यात? मुळापासून निघायला वेळ लागतो, पोरी. जा. मी सूप टाकते."

गेले. वाटभर रडले, पण बरं वाटत होतं. अशी आई मिळायला पुण्य लागतं, आणि मी तिलाच महिनाभर थापा मारल्या.

१२ एप्रिल

सकाळी कामाला निघाले तर खुंटी रिकामी. इसाउरोची टोपी धुऊन पुढच्या अंगणात दोरीवर वाळत घातलेली, अख्ख्या गल्लीला दिसेल अशी. आई डबा द्यायला फाटकापर्यंत आली.

"तुझ्या त्या दातवालीला विचार," म्हणाली, "कवळीवाल्यांना घेते का."