तीन रात्रींची बॅटरी

४ फेब्रुवारी, मंगळवार

"तू सायन्सची बाई ना? मग काढ हिशोब." एवढं फर्मान सोडून नवरा टीव्हीसमोर!

माळावर तंबू ठोकून तीन रात्री राहायचंय त्याला, धाकट्या भावाबरोबर. तिथे वीज नाही. आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकावर जे मशीन लावून झोपतो, ते विजेशिवाय चालत नाही. हे त्याच्या लक्षात आलं नाही, भावाच्याही नाही. माझ्या आलं. म्हणजे झालं माझं काम.

मी जाणार नाहीये. मला कोणी विचारलंही नाही.

५ फेब्रुवारी

हे फक्त इथेच: शाळेजवळ खोली घेतली. किल्ली पर्समध्ये आहे. तो माळावर असेल तेव्हा सामान हलवायचं. परत आला की तोंडावर सांगेन. चिठ्ठी ठेवून पळणार नाही.

पण त्याआधी बॅटरीची सोय नीट लावून द्यायची. तो तिकडे गुदमरतोय आणि मी इकडे खोके बांधतेय — हे मला पेलणार नाही. चांगुलपणा नाही हा. मला हात झटकून निघायचंय, स्वच्छ. (यात आणि चांगुलपणात फरक असतो ना? असावा.)

७ फेब्रुवारी

दीर बॅटरी घेऊन आला. शिलाई मशीनएवढी, वर धरायला मूठ. "वहिनी, यावर फ्रिज चालेल! स्पीकरपण!" म्हटलं, भावोजी, आधी तुमचा भाऊ चालू दे यावर. दीर हसला. नवरा नाही.

हिशोब सरळ आहे. मशीनमध्ये हवा दमट करायला पाणी तापवणारा हीटर असतो. सगळी वीज तोच खातो. तो लावला तर बॅटरी एका रात्रीत आडवी. तो बंद ठेवला, आणि घरच्या प्लगऐवजी गाडीत लावायची वायर थेट जोडली, तर तीन रात्री निघतात. फ्रिज, स्पीकर काही नाही — थंडीत बॅटरी कमीच देते.

"हीटरशिवाय माझा घसा सुकतो."

"मग पाणी पी."

"तुला काय जातंय बोलायला!"

मग जे व्हायचं ते झालं. दीर हळूच चपला शोधायला लागला. आणि त्याच्यासमोर नवरा म्हणतो — "माझ्या घोरण्यावरून आयुष्यभर टोमणे मारलेस. स्वतः कशी घोरतेस ते एकदा रेकॉर्ड करून ऐक. ट्रॅक्टर परवडला!"

दिरासमोर!! मशीन आल्यापासून हेच चाललंय. स्वतःचं थांबलं, आता माझ्या गळ्यात अडकवायचं.

८ फेब्रुवारी

तेच वाक्य डोक्यात घेऊन झोपले. सकाळी डोकं दगड. वर्गात एका मुलीनं प्रश्न विचारला, मी खेकसले. प्रश्न चांगला होता. हे पापही त्याचंच.

९ फेब्रुवारी, रविवार

बॅटरी तपासल्याशिवाय द्यायची नाही. नवऱ्याला म्हटलं, आज रात्री हीटरशिवाय झोपून बघ. "मी काय तुझ्या प्रयोगातला उंदीर आहे?" असं म्हणून तंबू बघायला भावाकडे निघून गेला.

मशीन नुसतं चालू ठेवून उपयोग नाही. हवा भसाभसा बाहेर जाते, आकडा खोटा येतो. कोणीतरी लावून श्वास घ्यायला हवा. कोण उरलं? एक लहान मापाचा मास्क पडून होता. चुकून आलेला, यानं परत केला नाही म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. तो मला नेमका बसला. सकाळच्या चहानंतर मशीन बॅटरीला जोडलं, हीटर बंद, मास्क लावला आणि पुस्तक घेऊन आडवी झाले.

उठले तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलेलं. पुस्तक पहिल्याच पानावर. दिवसभर झोपले! बॅटरीचा चौथा हिस्सा गेला होता. म्हणजे तीन रात्री निघणार.

हा दारात उभा. "झोपा काढतेस? जेवायचं काय?"

रोजचंच वाक्य. मी राग शोधला. चष्मा शोधतात तसा, इकडेतिकडे. सापडेना. बटाटे सोलायला घेतले.

मग भीती वाटली.

१० फेब्रुवारी

राग परत आला. दात घासतानाच. हायसं वाटलं — हे लिहायला लाज वाटते.

१२ फेब्रुवारी

त्याचे गुन्हे खरे आहेत. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा एकदाही आला नाही, हे खरं. दिरासमोर बोलला, हेही खरं. माझी झोप झाली म्हणून ते खोटं होत नाही. मग रविवारी संध्याकाळी ते सगळं गेलं कुठे होतं?

काल फोन उशाशी रेकॉर्डिंगला लावून झोपले. आज शाळेत, रिकाम्या प्रयोगशाळेत ऐकलं.

ट्रॅक्टर नाही. ट्रॅक्टर मध्येच थांबत नाही. हे थांबतं. आणि मग कोणीतरी पाण्यातून डोकं वर काढावं तसं सुरू होतं. पुढे ऐकायचा धीर झाला नाही.

१५ फेब्रुवारी

त्याच्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्याला म्हटलं, शाळेत मीटिंग आहे.

"चिडचिड होते?"

"कारण असतं म्हणून होते."

"तुमचे मिस्टरही असंच म्हणायचे."

झोपेतला श्वास मोजायला बोटाला आणि छातीला लावायचं यंत्र दिलं, एका रात्रीपुरतं. बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलं. त्यानं कारण विचारलं नाही. भांडलोय असं समजला असेल. भांडलो होतोच.

२१ फेब्रुवारी

गेला. वायर कशी लावायची ते दोनदा दाखवलं. हीटरच्या बटणावर चिकटपट्टी लावली.

"आई आहेस का माझी?"

"असते तर दोन लावल्या असत्या."

खोके आणले. पुस्तकं, हिवाळ्याचे कपडे भरून झाले. हात थांबत होते मध्येमध्ये.

२२ फेब्रुवारी

त्याचा मेसेज — "एक रात्र झाली. बॅटरी पाऊणच्या खाली. हीटर लावला नाही. घसा सुकलाय." आभार नाहीतच.

दुपारी माझा रिपोर्ट. माझा श्वास त्याच्यापेक्षा जास्त वेळा अडकतो.

"मी घर सोडतेय" हे पाठ होतं, अगदी स्वल्पविरामासकट. "तुझं खरं होतं" हे एकटीनंसुद्धा मोठ्यानं म्हणता येत नाही.

खोलीच्या मालकीणबाईंना फोन केला. राहायला महिन्याभरानं आले तर चालेल का? "का हो?" म्हणाल्या.

म्हटलं, आधी जरा झोपून घेते.