त्या दिवशी पुढची सायकल माझी

मी, आफ्ये डिर्क ब्लोक, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार एग्मंड, मॅट्रिक पास, व्यवसाय घरकाम, हे मृत्युपत्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मनाने व स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. यापूर्वी काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावे.

१. राहतं घर व शिल्लक सायमन, ट्रायन्ये व वाउटर या माझ्या तीन मुलांना समसमान. भांडायला काही ठेवलेलं नाही.

२. बायबल ट्रायन्येला. आतलं वाळलेलं गवत पेटनचं आहे, झटकू नये.

३. बिस्किटांचा डबा नणंद ग्रीट हिला. कॉफीबरोबर एक बिस्किट देऊन झाकण लावायचं, ही माझ्या सासूबाईंची शिस्त. ग्रीट मात्र दरवेळी विचारायची, "वहिनी, झाकण फार घट्ट बसतं का गं?" आता तिने डबा खुशाल उघडा ठेवावा.

४. पान्हे, पंप व पंक्चरचं सामान वाउटरला. पुसून ठेवलं आहे, तसंच राहावं.

५. दर उन्हाळ्यात आम्ही पाचजण सायकलींवर एग्मंडहून निघून, माझ्या माहेरच्या पेटनवरून, माझे यजमान डिर्क यांच्या आजोळी कॅलंट्सोखला जायचो. पेटन महायुद्धात जर्मनांनी पाडलं. माझ्या घराच्या जागी गवत आहे, तरी डिर्क तिथे टोपी काढायचे. रविवार देवाचा, त्या दिवशी सायकलींना कुलूप. वारा समोरचा, म्हणून डिर्क पुढे, मुलं त्यांच्या आडोशाला, आणि मी सर्वांत मागे, चार पाठी मोजत.

एका वर्षी पेटनच्या समुद्रबांधाखाली माझी साखळी पडली. हाका मारल्या, पण वारा त्या माझ्याच तोंडात परत कोंबत होता. कशीबशी साखळी बसवून कॅलंट्सोखला पोचले, तर सगळ्यांची कॉफी पिऊन झालेली.

"आई, तुझी गार झाली गं," ट्रायन्ये म्हणाली.

"आणि हात बघ! कोळसे विकायला गेली होतीस का?" वाउटर.

डिर्क म्हणाले, "अगं, तू मागे आहेस म्हणूनच तर आम्ही मागे बघत नाही."

मी हसले. गार कॉफी प्यायले.

डिर्क गेल्यापासून मुलांना सवड होत नाही. गुडघे कुरकुरले तरी मी एकटीच जाते. पुढे मोजायला पाठी नसतात.

६. म्हणून घर विकण्याआधी तिघांनी एकदा हा रस्ता सायकलींवर मिळून करावा. नोटरीबाई म्हणाल्या, "ब्लोकबाई, ही अट कोर्टात टिकायची नाही." म्हटलं, "कोर्टात नको, पेटनपर्यंत टिकली तरी पुरे."

७. मला मोटारीतून नेऊ नये. शवपेटी नेणारी सायकलगाडी मिळते, ती आणावी. चर्चपासून दफनभूमीपर्यंत मी पुढे, तुम्ही सायकलींवर मागे. कुणी सायकल पुढे काढू नये. वारा समोरून असला तर माझ्या आडोशाला राहा. तिथून मला तुम्हाला मोजता येणार नाही. तुमच्यातलं कुणीतरी सर्वांत मागे असेलच. त्याच्याकडे अधूनमधून वळून बघा.

परमेश्वराला साक्षी ठेवून व खालील दोघांसमोर सही केली.

आफ्ये ब्लोक

साक्षीदार: हिलेगोंडा प्राँक, शेजारीण (रडली, पण सही वाचता येते)
मार्टेन डेकर, चर्चचे वडील (एल्डर)

एग्मंड, १४ ऑक्टोबर २०१४